नोंदवहीत नसलेली दोन माणसं

पाळणाघर बायकोचं, दारातले नियम माझे. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. टँकरमधून येणाऱ्या दुधाचं तापमान, फॅट, आंबटपणा तपासायचा आणि वहीत लिहायचा, हे काम एकतीस वर्षं करतोय. एक आंबलेला कॅन आत गेला तर सगळा टँकर परत पाठवावा लागतो, आणि तो कॅन कुठल्या गावचा होता हे लिहून ठेवलेलं नसेल तर पुढे कधीच कळत नाही. माझी पाळी दुपारी दोनला सुरू होते. त्यामुळे सकाळी मुलं येतात तेव्हा दारात मी असायचो, हातात ताप मोजायची गन आणि शेजारी स्टुलावर नोंदवही.

आमचं घर फुलेवाडीत, तळमजल्यावर. पुढची खोली बारा बाय दहा. तिच्यात सहा मुलं, सहा सतरंज्या, दोन सतरंज्यांमध्ये तीन फूट. प्रत्येकाचा पेला वेगळा, रुमाल वेगळा, दोन्हीवर नंबर. ऑगस्टमध्ये इथे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून प्रत्येक मुलाचे चार रुमाल ठरवले होते आणि ओलसर राहिले तर मी इस्त्री फिरवायचो. हात धुताना मुलांनी वीसपर्यंत मोजायचं. दोन्ही खिडक्या उघड्या, कितीही गार वारा आला तरी. दारात ताप साडेनव्याण्णवच्या वर दिसला तर मूल परत.

पालक चेष्टा करायचे. "काका, हद्दीवर कोगनोळीच्या नाक्यावर पण एवढं तपासत न्हाईत की ओ," असं एकजण रोज म्हणायचे. मी हसायचो आणि आकडा लिहायचो.

त्या सहांमध्ये सगळ्यात लहान होतं ते आठ महिन्यांचं बाळ. ते आठव्या महिन्यात जन्मलेलं, जन्माचं वजन सतराशे ग्रॅम, पहिले तीन आठवडे काचेच्या पेटीत काढलेले. त्याची आई एस.टी.त कंडक्टर, राधानगरीच्या गाडीवर. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. पहिल्या दिवशी तिने बाळाआधी एक कागद माझ्या हातात दिला होता. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेले तर थांबू नका, घेऊन या.

"काका, ह्याची छाती कच्ची हाय," ती म्हणाली होती. "साधी सर्दी पण ह्याला साधी न्हाई. फ्लूच्या लशीचा एक डोस झालाय, दुसरा पुढच्या महिन्यात हाय. तुमची वही बघून मी इथं आणलंय, न्हाईतर घराजवळ दोन पाळणाघरं हाईत."

मी म्हणालो होतो, "माझ्या दारातून ताप आत येणार नाही."

असं बोलू नये. पण मी बोललो होतो.

मुलांचं जेवण बारा वाजता. माझी डबा भरायची वेळ आणि ती वेळ एकच, म्हणून ते मी रोज बघायचो. मोठ्या ताटात मऊ भात, वरण, तूप. वाफ निघत असायची. मुलं अर्धगोल करून बसायची आणि बायको मध्ये. ती एक घास उचलायची, ओठांजवळ नेऊन फुंकर घालायची, बोटाने दाबून गार झालाय का बघायची, मग पहिल्या तोंडात. मग दुसरा घास, फुंकर, दुसरं तोंड. पहिला मान एका शिक्षकांच्या साडेतीन वर्षांच्या मुलीचा, कारण पहिला मिळाला नाही तर ती जेवायचीच नाही. शेवटी बाळ. त्याची नाचणीची पेज वेगळी असायची, पण बाकीची जेवायला लागली की ते रडायचं, म्हणून बायको त्याला शेवटी चिमूटभर भात चारायची. घरी आईला दमवणारी मुलं इथे ताट पुसून जेवतात, ही तिची ख्याती होती. मला ते बघायला आवडायचं. तीन फूट मी सतरंज्यांमध्ये मोजले होते. तिचं तोंड आणि घास यांच्यात चार बोटं होती, ती मला कधी दिसली नाहीत.

गुरुवारी ती साडेतीन वर्षांची मुलगी आठ वाजता आली तेव्हा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. अकराला बायकोने हाक मारली, "अहो, हिचं अंग भाजतंय." मी मोजला. एकशे एक पॉइंट चार. तिला मधल्या खोलीत वेगळं झोपवलं आणि सरांना फोन केला. ते शाळेतून पाऊण तासात आले.

मी वही उघडूनच दारात उभा होतो.

"सर, सकाळी औषध पाजून आणली होती का?"

"काय बोलताय काका?"

"तीन तासांत तीन डिग्री. सकाळी औषधाने दाबलेला ताप असाच वर येतो. असं करणारे पालक मी बघितलेत."

"सकाळी ती खेळत होती. दोन बिस्किटं खाल्ली, दूध प्याली. मी औषध कशाला देऊ?"

"रजा वाचवायला."

त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं. तिचा चेहरा लाल झाला होता. ते मला म्हणाले, "ह्या पोरीदेखत मला चोर म्हणताय तुम्ही. पुरावा असंल तर दाखवा, नसंल तर बाजूला व्हा." मी बाजूला झालो.

संघात पोचल्यावर पालकांच्या ग्रुपवर मी लिहिलं: 'औषध देऊन ताप उतरवून मूल आणणे हा इतर पाच घरांचा विश्वासघात आहे. संबंधितांनी समजून घ्यावे.' नाव लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. त्या दिवशी घरी गेलेलं मूल एकच होतं. दोघांनी अंगठे दिले. एका आईने हात जोडलेले चित्र टाकलं. सरांनी काहीच लिहिलं नाही, आणि गप्प बसले म्हणजे माझंच खरं, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी सकाळी दोन घरांतून फोन आले, मुलांना ताप आहे, आज येत नाहीत. आली तीन. बाळ सात वाजून चाळीस मिनिटांनी आलं, ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, नाक जरा ओलं. त्याच्या आईने विचारलं, "ठेवू का घेऊन जाऊ?" आमच्या नियमात आकडा बसत होता. मी म्हणालो, "ठेवा. मी एकपर्यंत आहे, बघतो."

अकरा वीसला बाळाने पेज घेतली नाही. ते रडतही नव्हतं, नुसतं पडून होतं आणि नाकपुड्या हलत होत्या. ताप एकशे दोन पॉइंट एक. मी झबलं वर केलं आणि घड्याळ लावून श्वास मोजले. अठ्ठावन्न. चुकलो असेन म्हणून परत मोजले. साठ. बरगड्यांच्या खाली कातडी आत ओढली जात होती. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा बायको ओरडली, "अवो मोजताय काय सारखं! उचला की!"

आईला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. दहा पाचची गाडी, म्हणजे ती राधानगरीच्या अलीकडे कुठेतरी असणार. बापाला लावला, तो म्हणाला, "काका, पाया पडतो, तुम्ही न्या, मी निघालोच," आणि पुण्याहून निघून त्याला पाच तास तरी लागणार होते. स्टँडवर फोन करून निरोप ठेवला. बायको उरलेल्या दोन मुलांजवळ थांबली. मी बाळाला घेऊन रिक्षात बसलो.

गंगावेशीत खताची ट्रॉली आडवी लागली होती. रिक्षावाला मान बाहेर काढून शिव्या घालत होता, पुढचा त्याला घालत होता. बाळाचं डोकं माझ्या दंडावर होतं. मला मोजायचं नव्हतं, पण मोजल्याशिवाय राहता येत नव्हतं. प्रत्येक श्वासाला 'ह' असा बारीक आवाज येत होता. चार मिनिटं आम्ही त्या जागेवरून हललो नाही.

डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन नव्वद. नळी लावली, नाकातला नमुना घेतला, आणि मग माझ्याकडे वळले.

"घरात ताप, खोकला कुणाला?"

मी पिशवीतून वही काढली. "काल एका मुलीला. शिक्षकांची मुलगी. आज आणखी दोघांना. कालची मुलगी पहिली." पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी पानाकडे बघितलंही नाही. "मुलांचं नाही विचारत. मोठ्या माणसांचं. बाळाला भरवतं कोण?"

मी म्हणालो, "माझी बायको." आणि वहीकडे बघत राहिलो. चार वर्षांची वही होती ती. रोज सहा ओळी, सकाळ आणि दुपार. तिच्यात बायकोची ओळ नव्हती. माझीही नव्हती.

बाहेर येऊन तिला फोन लावला.

"खरं सांग. तुला ताप होता का?"

"मला? न्हाई." मग म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळी अंग कसकसत होतं जरा. डोकं धरलं होतं."

"मग?"

"बुधवारी गोळी घेतली. काल एक घेतली. बरं वाटलं की."

"मोजला होता का?"

"माझा कशाला मोजू?"

रविवारी आम्ही कुरुंदवाडला तिच्या माहेरी बारशाला गेलो होतो. तिचा भाचा दिवसभर खोकत तिच्या मांडीवर होता. रविवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. आकडे सरळ रांगेत लागले, आणि रांगेच्या सुरुवातीला सरांची मुलगी नव्हती. तिला पहिला घास मिळतो, म्हणून ती पहिली आजारी पडली होती. सकाळी गोळी घेऊन ताप दाबायचा प्रकार झाला होता खरा, पण तो माझ्या स्वयंपाकघरात.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बंद ठेवलं असतं."

ते बरोबर होतं. ती रडायला लागली आणि विचारत राहिली, "बाळ कसं हाय? अवो, बाळ कसं हाय ते सांगा." मी नव्वद हा आकडा तिला सांगितला नाही. हातात असलेला आकडा मी लपवला.

नमुन्यात फ्लू निघाला. औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, त्याच्या आत काही सांगता येणार नाही.

त्याची आई साडेतीनला आली, खाकी कपड्यांतच. राधानगरीच्या स्टँडवर निरोप मिळाल्यावर ती त्याच गाडीने परत आली होती, काम करत. "बासष्ट तिकिटं दिली ओ मी येताना," ती म्हणाली. "सुट्टे पैसे दिले लोकांना." काचेतून तिने बाळाकडे बघितलं. नळी त्याच्या गालाला चिकटपट्टीने लावलेली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या सरांच्या पोरीनंच आणलं न्हवं हे? ग्रुपवर वाचलं मी. थांबा, बाळ बरं होऊ दे, मग बघतो त्यांच्याकडं."

मी काही बोललो नसतो तरी चाललं असतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. जे करायचं ते कालच्या माझ्या मेसेजने आधीच करून ठेवलं होतं. पाळणाघर चाललं असतं, बायकोकडे कुणी बोट दाखवलं नसतं. मला हे सगळं सुचलं, ते लिहायला लाज वाटते, पण सुचलं.

"त्यांच्याकडून नाही आलं," मी म्हणालो. "आमच्या घरातून आलं."

मग रविवारपासून सगळं क्रमाने सांगितलं. बारसं, मंगळवार, गोळी, एकच ताट, फुंकर, शेवटचा घास. ती ओरडेल असं वाटत होतं. ती ओरडली नाही.

"रोज सकाळी माझ्या बाळाच्या कपाळाला ते मशीन लावत होतासा तुम्ही. काकूंच्या न्हाई?"

"नाही."

"आणि तुमच्या?"

"नाही."

"जावा तुम्ही आता," ती म्हणाली.

मी खाली येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि आधी सरांना फोन केला. झालेलं सांगितलं, माफी मागितली. मागे त्यांची मुलगी खोकत होती. ते म्हणाले, "काका, तुमचा मेसेज माझ्या शाळेतल्या दोघांनी वाचलाय. तुमच्या ग्रुपातल्या कुणीतरी पुढं पाठवला. आता हे पण पाठवतील का?" मी म्हणालो, मी लिहितो. "लिहा," ते म्हणाले, "पण पोरगी आता तुमच्याकडं यायची न्हाई." ती आली नाही. ग्रुपवर मी लिहिलं की आजार आमच्या घरातून पसरला, सरांवर घेतलेला संशय खोटा होता, पाळणाघर दहा दिवस बंद. या वेळी कुणी अंगठा दिला नाही.

शनिवारी मला खोकला सुरू झाला. मला आणि बायकोला, दोघांनाही ताप. तिचा मी मोजला, तिने माझा. दवाखान्यात जाणं बंद झालं, फोनवर विचारायचं तर आई फोन उचलत नव्हती. बापाने दोनदा उचलला आणि "हाय तसंच हाय" एवढंच म्हणाला. बायको जेवत नव्हती. सारखी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायची. "ह्याच हातानं," असं एकदाच म्हणाली. मी तिला समजावलं नाही.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. बाळाची आई.

"श्वास बावन्न," एवढंच ती म्हणाली.

"ऑक्सिजनसकट?"

"सकट."

आणि ठेवला. सोमवारी सकाळी परत: "अठ्ठेचाळीस. नळी काढून बघणार हाईत." दुपारी साडेबाराला: "काढली. ऑक्सिजन चौऱ्याण्णव हाय." मी आकडा मोठ्याने म्हटला आणि बायको देवघरापुढे जाऊन भिंतीला टेकून बसली. बुधवारी बाळ घरी गेलं.

पाळणाघर उघडायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली, बाळाला सासूजवळ ठेवून. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बायको समोर आली तशी तिने विचारलं, "काकू, अंगावर का काढलासा?"

बायको म्हणाली, "मी पडून राहिले असते तर तुम्ही सहाजणी कामाला कशा गेला असता? तू तुझी गाडी सोडून कशी बसली असतीस?"

तिने चौकटीला हात टेकला. मग म्हणाली, "मी पण तेच करतो ओ. मागच्या महिन्यात ताप अंगावर घेऊन तीन दिवस गाडीवर गेलो. घरी येऊन ह्यालाच छातीशी घेतला." तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच होता, गाडीत पुढे सरका म्हणतात तसा. "पण मी बोललो न्हाई म्हणून तुम्ही पण बोलायचं न्हाई, असं न्हाई चालणार. परत ठेवतो मी बाळाला. माझ्या सासूला गुडघ्यानं उठवत न्हाई, दुसरं कोण हाय मला? पण काकू, अंग गरम झालं तर सांगायचं. मला कितीही अडचण होऊ दे."

"सांगेन," बायको म्हणाली.

आता वहीत रोज सात ओळी असतात. त्यातल्या पहिल्या दोन आमच्या. लस आम्ही दोघांनी घेतली. मुलांचा भात अर्धा तास आधी वाट्यांमध्ये काढून पंख्याखाली ठेवतो, प्रत्येकाचा चमचा वेगळा. बाळ सोडलं तर बायको कुणाला भरवत नाही, समोर बसून सांगते. मुलं पूर्वीपेक्षा कमी जेवतात. किती कमी, ते मी मोजलेलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी सहा वाजता बायको चहा ठेवता ठेवता थांबली. "अहो, घसा दुखतोय माझा. बघा जरा." शंभर पॉइंट चार. ती माझ्याकडे बघत राहिली. मागच्या वेळची गोळीची पट्टी फडताळातच होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी गॅस बंद केला आणि फोन घेऊन बसलो.

पाच घरं. एकाने "काय काका, आयत्या वेळेला," असं म्हणून ठेवला. एका आईला ऑफिसात महत्त्वाची बैठक होती, तिने ती किती वाजता आहे तेवढं सांगितलं. सगळ्यात शेवटी मी बाळाच्या आईला लावला, कारण तोच फोन मला नको होता.

"काकूंना ताप आहे. आज बंद."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाळ काहीतरी बडबडत होतं.

"साडेसातची गाडी हाय माझी," ती म्हणाली. "आता कुणाला सांगू मी? आयत्या वेळेला कोण येणार काका? सांगा की!"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"आणि तुम्ही असं सांगताय जसं काय..." तिने वाक्य सोडलं. मग म्हणाली, "किती हाय ताप?"

"शंभर पॉइंट चार."

"मोजलासा न्हवं? बरं." आणि मला ऐकू येईल अशी एक शिवी घालून तिने फोन ठेवला. शिवी मला होती का तापाला, ते कळलं नाही.

त्या दिवशी राधानगरीच्या गाडीवर दुसरा कंडक्टर गेला.